'नागरिकत्वास अपात्र परका' : एका कायदेशीर शब्दप्रयोगाची कुळकथा

१९१३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्निया राज्याने शेतजमिनीचा एक कायदा केला. तो वाचताना कुठल्याही देशाचे, वंशाचे किंवा धर्माचे नाव सापडत नाही. जे परके अमेरिकेचे नागरिक होण्यास पात्र आहेत त्यांना जमीन घेता येईल. जे पात्र नाहीत त्यांना आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेले तेवढेच हक्क मिळतील, आणि शेतजमीन खंडाने करायची तर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. मजकूर एवढाच. पण सॅक्रमेंटोच्या विधिमंडळात या कायद्यासाठी हात वर करणाऱ्या प्रत्येकाला तो कोणासाठी आहे हे ठाऊक होते. टोकियोतल्या सरकारलाही ठाऊक होते. अध्यक्ष विल्सन यांनी तर परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना आगगाडीने थेट सॅक्रमेंटोला धाडले होते, जपानशी संबंध बिघडू नयेत म्हणून. ब्रायन यांच्या मनधरणीने कायदा थांबला नाही. 'जपानी' हा शब्द मात्र त्यात कुठे आला नाही.

नाव न घेता माणसांना वगळण्याची ही रीत १९१३ मध्ये जन्मली नव्हती. 'नागरिकत्वास अपात्र परका' हे चार-पाच पिढ्यांचे कूळ आहे, आणि त्याच्या मूळ पुरुषाचा जपानशी काडीचा संबंध नव्हता. मला या इतिहासात सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. ज्यांनी पहिला शब्द लिहिला त्यांना जपानी माणूस ठाऊक नव्हता, आणि त्यांच्यानंतर पिढ्यानपिढ्या न्यायाधीश तोच शब्द पुढे करून सांगत राहिले की आमचे हात बांधलेले आहेत.

तो मूळ कायदा २६ मार्च १७९० चा. अमेरिकेची पहिली काँग्रेस न्यूयॉर्कमध्ये भरत होती आणि नव्या देशाने कोणाला आपले म्हणायचे हे ठरवायचे होते. ठरले असे: देशात दोन वर्षे राहिलेला, चांगल्या चालीचा, 'मुक्त आणि श्वेत' असा कोणीही परका. पाच वर्षांनी, १७९५ मध्ये, दोन वर्षांची मुदत पाच वर्षांची झाली, पण 'मुक्त आणि श्वेत' जागचे हलले नाही. सभासदांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी दोनच समाज होते, गुलाम केलेले आफ्रिकी आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी. जपान तेव्हा तोकुगावा शोगुनांच्या बंद दरवाजाआड होता. जपानी माणसाने देश सोडून बाहेर जाणे हाच तिथे गुन्हा होता. अमेरिकी कमोडोर पेरीची जहाजे एदोच्या उपसागरात शिरायला अजून त्रेसष्ट वर्षे होती.

अमेरिकेचा नागरिक झालेला पहिला जपानी माणूस स्थलांतर करून आलेलाच नव्हता. १८५० मध्ये हिकोझो नावाचा तेरा वर्षांचा मुलगा मालवाहू गलबतावर होता. गलबत वादळात भरकटले, एका अमेरिकी जहाजाने खलाशांना वाचवले आणि १८५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरवले. तिथे तो शिकला, ख्रिस्ती झाला, जोसेफ हिको झाला. १८५८ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयाने त्याला नागरिक करून घेतले. 'श्वेत' हा शब्द कायद्यात होताच, पण त्याच्याबाबतीत तो कोणी काढला नाही. असा एकुलता एक जपानी पुढ्यात उभा असताना कोणालाच भीती वाटत नव्हती.

यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली, आणि १८७० मध्ये नागरिकत्वाचा कायदा पुन्हा काँग्रेसपुढे आला. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांनी सरळ मागणी केली: 'श्वेत' हा शब्दच काढून टाका. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसे समान म्हटली आहेत, मग हा शब्द राहतोच कसा? समनर यांचा हा क्षण अमेरिकेच्या इतिहासात जेवढा आठवला जायला हवा तेवढा आठवला जात नाही. ते हरले ते काळ्या माणसांच्या प्रश्नावर नव्हे, चिनी माणसांच्या प्रश्नावर. शब्द गेला तर पॅसिफिक किनाऱ्यावरचे चिनी मजूर मतदार होतील, असे नेवाडाचे सिनेटर स्टुअर्ट आणि पश्चिमेकडचे इतर सभासद बजावत राहिले. अखेर 'श्वेत' तसाच ठेवून शेजारी आफ्रिकेत जन्मलेले आणि आफ्रिकी वंशाचे अशी भर घालण्यात आली. गोरे आत आले, काळे आत आले, आणि मधला सगळा आशिया बाहेर राहिला.

त्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. १८७४ मध्ये देशाचे सगळे कायदे एकत्र करून नव्याने छापले गेले तेव्हा नागरिकत्वाच्या कलमातून 'मुक्त श्वेत' हे शब्दच गळाले. काही महिने कायद्याच्या पुस्तकात ती अट शिल्लकच नव्हती. फेब्रुवारी १८७५ मध्ये काँग्रेसने चूक दुरुस्त करून ते शब्द परत घातले. म्हणजे १७९० चा शब्द कोणी लक्ष दिले नाही म्हणून टिकला, असे म्हणायची सोय उरत नाही. १८७५ च्या माणसांनी, चिनी मजुरांकडे बघत, तो जाणूनबुजून पुन्हा लिहिला.

१८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आह युप नावाच्या चिनी माणसाने नागरिकत्वाचा अर्ज केला. न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी वकीलमंडळींनाही मत विचारले, वेबस्टरचा कोश उघडला, ब्लूमेनबाखची मानववंशांची विभागणी पाहिली, १८७० ची सिनेटमधली चर्चा वाचली आणि निकाल दिला: मंगोल वंशाचा माणूस श्वेत नव्हे. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, कॅलिफोर्नियाने नवी राज्यघटना केली. तिच्या एका कलमात लिहिले होते की अमेरिकेचे नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परक्यांची उपस्थिती राज्याच्या हिताला धोकादायक आहे आणि विधिमंडळाने होतील त्या सर्व उपायांनी त्यांच्या येण्याला आळा घालावा. आपला शब्दप्रयोग इथे राज्यघटनेसारख्या दस्तऐवजात जाऊन बसला. त्याच घटनेत चिन्यांविरुद्धची कलमे नाव घेऊन लिहिलेली होती, त्यामुळे इथे नाव टाळण्याची तशी गरजही नव्हती. पण साचा तयार झाला. नागरिक कोण होऊ शकतो हे केंद्राच्या कायद्याने ठरवायचे आणि त्या ठरवण्यावर राज्याने आपल्या बंदीची इमारत चढवायची.

१८८२ मध्ये काँग्रेसने चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले आणि चिन्यांना नागरिक करून घेण्यासही न्यायालयांना मनाई केली. मजुरांची गरज मात्र संपली नव्हती. हवाईच्या ऊसमळ्यांत १८८५ पासून करारावर जपानी मजूर येऊ लागले, आणि तिथून व थेट योकोहामाहून कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टनमध्ये. चिन्यांसाठी केलेला कायदा जपान्यांचे नाव घेत नव्हता. मग त्यांना कुठे बसवायचे?

पहिली उत्तरे बंदरावर मिळाली. निशिमुरा एकिउ ही पंचवीस वर्षांची बाई मे १८९१ मध्ये 'बेल्जिक' बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला आली. नवरा इथेच राहतो आणि जवळ बावीस डॉलर आहेत, असे तिने सांगितले. अधिकाऱ्याने ठरवले की ही सरकारवर भार होईल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८९२ मध्ये निकाल लागला की कोणाला उतरू द्यायचे याबाबत अशा अधिकाऱ्याचा निर्णय अखेरचा, न्यायालये त्याच्या पुराव्याची फेरतपासणी करणार नाहीत. अकरा वर्षांनी, १९०३ मध्ये, सिॲटलला उतरलेल्या यामाताया काओरू या किशोरवयीन मुलीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एक फट ठेवली. देशात आलेल्या माणसाला परत धाडायचे तर आपली बाजू मांडण्याची काहीतरी संधी त्याला दिलीच पाहिजे. मुलीला इंग्रजी येत नव्हते, चौकशी कशाची चालली आहे हे तिला कळले नव्हते, तरी न्यायालयाने तिची हकालपट्टी कायम ठेवली. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचे हे दोन पायाभूत खटले आहेत, आणि दोन्ही जपानी बायकांचे आहेत.

नागरिकत्वाचा प्रश्न १८९४ मध्ये बोस्टनला उभा राहिला. साइतो नावाच्या जपानी माणसाचा अर्ज न्यायाधीश कोल्ट यांनी फेटाळला. आह युपच्या खटल्यातला 'मंगोल' हा शब्द इथे जपान्याला चिकटवला गेला. तरी खालची न्यायालये कुठे कुठे जपान्यांना नागरिक करून घेत राहिली. वॉशिंग्टन राज्यात ताकुजी यामाशिता यांना असेच नागरिकत्व मिळाले होते. ते वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कायदा शाखेतून १९०२ मध्ये, तिच्या पहिल्या काही पदवीधरांबरोबर बाहेर पडले आणि वकिलीची परीक्षा पास झाले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. न्यायालय म्हणाले, ज्ञानात कमी काही नाही, पण नागरिक असल्याशिवाय वकील होता येत नाही, आणि जपानी माणूस नागरिक होऊ शकत नाही. तेव्हा तुम्हाला मिळालेले नागरिकत्वच पोकळ आहे. अमेरिकेच्या सैन्यात चाकरी करून सन्मानाने निवृत्त झालेल्या बुंतारो कुमागाई यांना १९०८ मध्ये आणि आरमारातल्या नाम्यो बेश्शो यांना १९१० मध्ये हेच ऐकावे लागले. लष्करी सेवा केलेल्या 'कोणत्याही परक्याला' सवलत देणारे कायदे होते, पण न्यायालयांनी त्या 'कोणत्याही'मध्ये जपानी बसू दिला नाही.

१९०६ मध्ये हे सगळे थांबवण्याची एक संधी आली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या शिक्षण मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत घालण्याचा हुकूम काढला आणि जपानमध्ये संताप उसळला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी डिसेंबरच्या वार्षिक संदेशात काँग्रेसला स्पष्ट शिफारस केली की नागरिक होण्याच्या इराद्याने येणाऱ्या जपान्यांना नागरिकत्व देणारा कायदा करा. काँग्रेसने तिकडे बघितलेही नाही. मग १९०७-०८ मध्ये दोन सरकारांत पत्रव्यवहाराने समझोता झाला. मजुरांना अमेरिकेसाठी पारपत्र द्यायचे जपानने थांबवायचे आणि अमेरिकेने नाव घेऊन बंदी घालायची नाही. आधीच आलेल्यांच्या बायका-मुलांना येण्याची मोकळीक राहिली. जपानला आब राखायची होती, अमेरिकेला माणसे नको होती, आणि दोघांचे भागले. जे किनाऱ्यावर आधीच शेती करत होते त्यांचे काय, हा प्रश्न त्या पत्रांत नव्हता.

आता १९१३ च्या कायद्याची रचना ध्यानात येते. १९११ च्या व्यापारी कराराने जपानी माणसाला अमेरिकेत घर आणि दुकान यांचा हक्क दिला होता. शेतजमिनीचे नाव करारात नव्हते. कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता युलिसिस वेब, ज्यांच्या हातून हा कायदा उतरला, त्यांनी त्याच वर्षी जाहीर भाषणात आपला हेतू सांगून टाकला: जमीन मिळाली नाही तर ही माणसे फार संख्येने येणार नाहीत आणि आलेली फार काळ राहणार नाहीत. कागदावर वंश नव्हता, भाषणात होता.

जपानी शेतकऱ्यांनी वाट काढली. इथे जन्मलेली मुले जन्मानेच नागरिक होती, तसे १८९८ मध्ये वाँग किम आर्कच्या खटल्यात ठरले होते. तेव्हा जमीन मुलांच्या नावे घेतली जाऊ लागली. आपल्याकडे सातबाऱ्यावर लहान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणून बापाचे नाव लागते, तशीच ही सोय. १९२० मध्ये कॅलिफोर्नियाने सार्वमताने ती बुजवण्याचा प्रयत्न केला. खंडाने जमीन घेणे बंद केले, जमीन बाळगणाऱ्या कंपनीचे समभाग घेणे बंद केले आणि अपात्र परक्याला स्वतःच्याच मुलाच्या जमिनीचा पालनकर्ता होण्यासही मनाई केली. बापाला मुलाचा पालनकर्ता होऊ न देणारे हे कलम राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये रद्द केले. बाकीचा कायदा उभा राहिला.

एवढे सगळे ज्या खुंटीला टांगले होते ती खुंटी पक्की आहे का, याचा फैसला सर्वोच्च न्यायालयाने अजून दिला नव्हता. तो ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात झाला.

ओझावा १८७५ मध्ये कानागावात जन्मले, १८९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले, बर्कलीच्या हायस्कुलात आणि मग तीन वर्षे तिथल्या विद्यापीठात शिकले, १९०६ मध्ये होनोलुलूला गेले. १९१४ मध्ये त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांना इथे वीस वर्षे झाली होती. त्यांनी न्यायालयाला जे लिहून दिले ते वाचताना जीव कळवळतो. लग्नाची, मुलांच्या जन्माची नोंद मी जपानी वकिलातीत केली नाही. जपानी शाळा, देवळे, मंडळे यांच्याशी संबंध ठेवला नाही. मुले अमेरिकी शाळेत आणि चर्चमध्ये जातात. घरात इंग्रजी बोलतो, त्यामुळे मुलांना जपानी येत नाही. बायकोही अमेरिकेत शिकलेली आहे. एका माणसाने आपले सगळे मूळ उपटून टेबलावर ठेवले होते. हवाईतल्या न्यायाधीशांनी १९१६ मध्ये मान्य केले की सर्व बाबतींत हा माणूस नागरिक होण्यास लायक आहे, आणि अर्ज फेटाळला.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जपानी संघटनांनी हा खटला आपला मानला. सर्वोच्च न्यायालयात ओझावा यांच्या बाजूने माजी महाधिवक्ता जॉर्ज विकरशॅम उभे राहिले. १९०६ चा नागरिकत्वाचा नवा कायदा स्वयंपूर्ण आहे, त्याला जुनी वंशाची अट लागू नाही, असा त्यांचा एक मुद्दा. १७९० मध्ये 'श्वेत' म्हणजे फक्त काळे आणि मूळ रहिवासी सोडून बाकी सगळे, हा दुसरा. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी, जे स्वतः इंग्लंडात जन्मून बालपणी अमेरिकेत आले होते, एकमताचा निकाल वाचला. त्वचेच्या रंगाने ठरवता येणार नाही, ते म्हणाले, कारण कित्येक अँग्लो-सॅक्सन माणसे कित्येक आशियाई माणसांपेक्षा सावळी असतात. म्हणून 'श्वेत' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी तसा नाही. शेवटी असेही लिहिले की यात कोणा व्यक्तीच्या नालायकीची किंवा वंशाच्या हीनतेची सूचना नाही. हे वाक्य मला निकालातल्या सगळ्यात कठोर वाक्यांपैकी वाटते. तुमच्यात काही कमी नाही असे सांगून दार लावले की त्या माणसाला सुधारण्यासारखेही काही उरत नाही. त्याच दिवशी ताकुजी यामाशिता यांचा दुसरा खटलाही त्याच कारणाने निकालात निघाला. जमिनीसाठी कंपनी नोंदवायला ते गेले होते. वीस वर्षांत दुसऱ्यांदा त्यांना तेच उत्तर मिळाले.

तीन महिन्यांनी हाच प्रश्न भारतीयांच्या दारात आला. कॉकेशियन हीच कसोटी असेल तर उत्तर भारतातला माणूस तिच्यात बसतो, असे त्या काळचे वंशशास्त्रज्ञ म्हणत होते. मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बालसरा यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने श्वेत मानून नागरिकत्व कायम केले होते. पण फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात त्याच सदरलँड यांनी लिहिले की शास्त्रज्ञ काय म्हणतात हा प्रश्नच नाही, 'श्वेत' म्हणजे सामान्य माणूस ज्याला श्वेत समजतो तो. ओझावा शास्त्राने बाहेर गेले, थिंद लोकसमजुतीने. ज्या कसोटीने माणूस बाहेर राहील ती कसोटी.

थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. नाव मराठी कानाला ओळखीचे, जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसची, नागरिकत्व १९१४ चे. थिंद निकालानंतर सरकारने भारतीयांची दिलेली नागरिकत्वे काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही खटला भरला. त्यांनी वंशाचा वाद घातला नाही. ज्या न्यायालयाने मला नागरिक केले त्याच्या शब्दावर मी माझा व्यवसाय आणि संसार उभारला, आता तो शब्द सरकारला फिरवता येणार नाही, असे ते म्हणाले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे मानले. त्यानंतर सरकारची ती मोहीम थंडावली.

१९२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियाचे जमीन कायदे वैध ठरवले. अर्धेलीने पीक काढण्याचा करारही बंदीत बसतो असे ठरवले. तर्क असा होता: जो नागरिक नाही आणि होऊही शकत नाही, त्याला राज्याच्या कल्याणात खरी आस्था नसते, म्हणून त्याला जमिनीपासून दूर ठेवणे रास्त आहे. नागरिकत्व नाकारणारे तुम्हीच, आणि ते नाही म्हणून आस्था नाही म्हणणारेही तुम्हीच. या वर्तुळाला कुठेही बाहेर जायची वाट नव्हती. १९२२ च्या कायद्याने त्यात बायकांनाही ओढले होते. अपात्र परक्याशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री स्वतःचे नागरिकत्व गमावत असे.

मग १९२४ मध्ये तो शब्दप्रयोग राज्यांच्या कायद्यातून राष्ट्राच्या वेशीवर आला. नव्या स्थलांतर कायद्यात लिहिले गेले की नागरिकत्वास अपात्र परक्याला देशात प्रवेश नाही. इतर देशांसारखा हिस्सा दिला असता तर जपानमधून वर्षाला दीडशेच्या आसपास माणसे आली असती. एवढ्यासाठी दोन राष्ट्रांचा समझोता मोडला. जपानचे राजदूत हानिहारा यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला लिहिलेल्या पत्रात गंभीर परिणामांचा उल्लेख होता. तो सिनेटला धमकी वाटला आणि डळमळणारी मतेही विरोधात गेली. १ जुलैला कायदा लागू झाला, तो दिवस जपानमध्ये राष्ट्रीय अपमानाचा दिवस म्हणून पाळला गेला.

जपानशी युद्ध पेटल्यावर १९४२ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत हलवले गेले. त्यातले वडीलधारे, ज्यांना जपानी समाजात इस्सेई म्हणतात, ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. चाळीस-चाळीस वर्षे राहूनही ते अमेरिकेचे नागरिक का नव्हते, हे आतापर्यंतच्या कथेत आलेच आहे.

हा शब्दप्रयोग कसा वापरला जात होता याचा सर्वात स्वच्छ पुरावा युद्धानंतर न्यायालयापुढे आला. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियाने जपानी परक्यांना मासेमारीचा परवाना बंद केला. नाव घेतलेला कायदा टिकणार नाही अशी शंका आली, म्हणून १९४५ मध्ये ते शब्द खोडून तिथे 'नागरिकत्वास अपात्र' असे घातले. छावणीतून परतलेले मच्छीमार तोराओ ताकाहाशी यांनी दावा लावला आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. त्याच वर्षी ओयामा खटल्यात मुलाच्या नावे घेतलेली जमीनही वाचली. एप्रिल १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने सेई फुजिई यांच्या दाव्यात जमिनीचा कायदाच घटनाविरोधी ठरवला. फुजिई कायदा शिकलेले होते, पण त्यांनाही कधी वकिली करता आली नव्हती. आणि जून १९५२ मध्ये, अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार ओलांडून, काँग्रेसने नागरिकत्वातली वंशाची अट काढली. १७९० चा शब्द एकशे बासष्ट वर्षांनी गेला. त्याच कायद्याने जपानला वर्षाला फक्त १८५ जागा दिल्या.

पण अपात्र परकाच कोणी उरला नाही म्हणून कायद्यांतले शब्द आपोआप पुसले गेले नाहीत. ते एकेका राज्याने काढायचे होते. कॅलिफोर्नियाने १९५६ मध्ये काढले. वॉशिंग्टन राज्यात मतदारांनी आधी नकार दिला आणि १९६६ मध्ये होकार. फ्लोरिडाच्या राज्यघटनेत मात्र १९२६ मध्ये घातलेले ते शब्द एकविसाव्या शतकातही छापले जात होते. २००८ मध्ये ते काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला गेला आणि पडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्यांदा ठेवला गेला आणि मंजूर झाला.